सत्तरीच्या पुढचे पाच

३ मार्च, सोमवार

लाँड्रीच्या मालकांनी जानेवारीत फुकट वाटलेली ही डायरी आजपर्यंत दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून होती. आज पुसून घेतली. आजपासून मी एका संघाची व्यवस्थापक आहे, आणि व्यवस्थापकाने सगळं लिहून ठेवायचं असतं म्हणे.

झालं असं, की दुपारी जज्जसाहेब स्वतः कपडे न्यायला आले. जज्जसाहेब म्हणजे टेकडीवरचे निवृत्त न्यायाधीश. वय अठ्ठ्याहत्तर, आणि दर आठवड्याला चार ट्रॅकसूट धुवायला टाकतात. तलावाभोवती दरवर्षी सत्तरीच्या पुढच्यांची चालण्याची शर्यत होते, ती हेच भरवतात. एका वस्तीतून पाच जणांचा संघ, तलावाला दोन फेऱ्या, आणि संघातला शेवटचा माणूस पोचेल ती संघाची वेळ. टेकडीवरून यंदा इतकी नावं आलीत की त्यांना निवड करावी लागतेय. ट्रॅकसूटची घडी तपासत मला म्हणाले, "तुमच्या खालच्या आळीतून कधीच कोणी येत नाही. लाजाळू दिसतात मंडळी."

लाजाळू! आमची आळी! आमच्या नळावरचं भांडण टेकडीवर ऐकू जातं! माझं डोकंच फिरलं. "यंदा आमचा संघ लिहून घ्या," असं सांगून मोकळी झाले. शर्यत तीस तारखेला आहे. पाच म्हातारी माणसं गोळा करायची, त्यात काय एवढं? नळवाले काका, राखणदार, गोदामातले हमालदादा. तिघं तर इथे बसल्या बसल्या झाले.

घरी सांगितलं तेव्हा हे खूप हसले. हसता हसता खोकला लागला, आणि मग हसायचं राहूनच गेलं. सासूबाईंना तर विचारावंही लागलं नाही. बहात्तर वर्षांची बाई, ताटावरून उठून म्हणाली, "कॅप्टन मी."

५ मार्च, बुधवार

फजिती. नळवाले काका पाठीत वाकलेत, दात निम्मे गेलेत, जिना चढताना दोनदा थांबतात. मी थेट अर्जच पुढे केला. म्हटलं, "काका, वय सांगा, पंचाहत्तर लिहू ना?" काका माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "एकोणसाठ. आणि गेल्या महिन्यात तुझी मोरी मी फुकट दुरुस्त केली होती, विसरलीस वाटतं!" काकू आतून इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

राखणदार त्रेसष्ट निघाले. हमालदादा एकसष्ट. एका पुरुषाचं वय एकाहत्तर आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, ते म्हणजे आपले पोस्टमन. पण त्यांचा मुलगा बँकेत साहेब झाला आणि त्यांना घेऊन टेकडीवर राहायला गेला. ते आता टेकडीच्या संघातून चालणार आहेत. फितूर कुठले!

मला वाटतं आमच्या लोकांना स्वतःकडे लक्ष द्यायचा कंटाळा. जज्जसाहेब बघा. सकाळी फिरणं, मग फळं, दुपारी झोप, दर सहा महिन्यांनी रक्त तपासून घेतात. माणसाने मनावर घेतलं तर काय अवघड आहे? मी हे सगळं काकूंना नीट समजावून सांगणार होते, पण दुसऱ्या पाळीची वेळ झाली म्हणून पळाले.

६ मार्च, गुरुवार

यांचं प्रकरण लिहायचं टाळत होते. पण डायरीशी काय लपवायचं?

हे रंगाच्या कारखान्यात आहेत. दोन वर्षांपूर्वी यांना फिलिंग खात्यात घेतलं, म्हणजे जिथे थिनर आणि रंग डब्यांत भरतात तिथे. त्या खात्याला वेगळा भत्ता आहे. कागदावर त्याचं नाव मोठं आहे, पण कामगार त्याला नाकभत्ता म्हणतात. तिथे जागा मिळावी म्हणून लोक वर्षवर्ष थांबतात. यांना मिळाली तेव्हा मी लाँड्रीत सगळ्यांना चहा पाजला होता. त्या भत्त्यावरच आम्ही गच्चीवरची खोली भाड्याने घेतली. खालची आमची एकच खोली, तिच्या भिंतीला बाराही महिने ओल. सासूबाईंची छाती दर थंडीत भरायची, रात्र रात्र बसून काढायच्या. वरच्या खोलीला दोन बाजूंनी ऊन येतं. दोन थंड्या झाल्या, कफाच्या औषधाची बाटली घरात आलेली नाही. ह्या वयात शर्यतीला निघाल्यात ती त्या उन्हाचीच करामत.

मात्र सासूबाईंना फिलिंगचं काहीच माहीत नाही. मामंजी त्याच खात्यात होते, आणि ते गेल्यावर सासूबाईंनी यांच्याकडून वचन घेतलं होतं की तिथे पाऊल ठेवायचं नाही. त्यांच्या लेखी हे पॅकिंगमध्ये लेबलं चिकटवतात. यांचे कामाचे कपडे मी लाँड्रीतच धुऊन आणते. इतकं बेमालूम काम चाललंय की मला माझंच कौतुक वाटतं.

आता कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी यांना सांगितलंय, की फिलिंग सोडा. स्टोअरमध्ये एक जागा रिकामी होतेय. हो म्हणायचं असेल तर ३१ तारखेपर्यंत फोरमनला कळवायचं. पण स्टोअरला भत्ता नाही. भत्ता गेला की खोली गेली, आणि खोली गेली की सासूबाई परत त्या ओल्या भिंतीशी. हे म्हणतात, "डॉक्टर लोक तसंच बोलतात, जरा खोकला तर आहे." मीही म्हणते, एवढी थंडी जाऊ दे, मग बघू. थंडी तर कधीच संपली, ते आत्ता लिहिताना लक्षात आलं.

९ मार्च, रविवार

संघ झाला! पुरुषांचा नाद सोडला आणि अर्ध्या तासात जमला. सासूबाई. बेकरीच्या गल्ल्यावर बसतात त्या मावशी, वय चौऱ्याहत्तर. शिंपीणआजी, एकाहत्तर, दूरचं छान दिसतं, जवळचं नाही. आणि कोपऱ्यावरच्या दोघी जावा, थोरली आणि धाकटी, दोघी सत्तरीच्या पुढे, आणि एका कुकरवरून कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत.

थोरली म्हणाली, "ती असेल तर मी नाही." धाकटी म्हणाली, "तिला सांग, मी आहेच." सासूबाईंनी निकाल दिला, की एक डाव्या टोकाला चालेल आणि एक उजव्या, मध्ये आम्ही तिघी. "आणि भांडायचं असेल तर शर्यतीनंतर. श्वास वाया घालवायचा नाही." दोघी गपगुमान हो म्हणाल्या. मला नाही जमलं असतं.

११ मार्च, मंगळवार

पहिला सराव. पाचही जणी कारखान्याचे बूट घालून आल्या!

म्हणजे लोखंडी टोकाचे, काळे, कामगारांना वर्षाला एक जोड मिळतो ते. मी म्हटलं, "अहो, हे काय?" मावशी म्हणाल्या, "घरात ह्याच्याइतकी मजबूत वस्तू दुसरी नाही. ह्यांचा शेवटचा जोड, घातलाच नव्हता." शिंपीणआजींनीही तेच सांगितलं. जावांचेही तसेच. सासूबाईंनी मामंजींचे काढले होते. मोठे होतात म्हणून पुढे कागदाचे बोळे कोंबलेले. पाच जणी चालायला लागल्या तर जणू पलटण निघाली, खाड खाड खाड. तलावावरची बदकं उडून गेली.

मी म्हटलं, हलके बूट बघू या कुठून तरी. तर कोणी ऐकेना. "पाय सुरक्षित राहतात," म्हणे. चालताना पायावर कोणता डबा पडणार आहे, कुणास ठाऊक! पण उत्साह इतका की मी वाद घातला नाही. नवीन कोरे बूट बिचारे कधीपासून पडून होते, त्यांचंही सार्थक झालं.

१५ मार्च, शनिवार

आता हे पण सरावाला येतात. सासूबाईंचा हुकूमच आहे. काम काय, तर बाकावर बसायचं आणि पाचही जणींच्या पिशव्या सांभाळायच्या. आज सासूबाई म्हणाल्या, "बसून काय राहतोस, एक फेरी मार आमच्याबरोबर." हे म्हणाले, "कामावरून दमून आलोय, आई." त्यांनी बराच वेळ यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "लेबलं फार जड असतात वाटतं हल्ली."

मी पटकन पिशव्या मोजायला लागले. पण त्या लगेच सगळ्यांना हाकत निघून गेल्या. वाचलो.

तिथेच टेकडीचा संघही सराव करत होता. त्यांच्यात दोन जोडपी आहेत. नवरा मागे राहिला की बायको थांबते, बायको मागे राहिली की नवरा. त्यांचे कपडे माझ्याच हाताखालून जातात म्हणून मला ठाऊक आहे, टेकडीवरून बहुतेक घरांचे कपडे जोडीजोडीने येतात, त्याचा सदरा, तिचं जाकीट. टेकडीवर काय हवा आहे कोण जाणे, नवरे टिकतात. मी हे मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "टिकाऊ माल वरच्याच दुकानात मिळतो गं." पोट धरून हसलो.

१९ मार्च, बुधवार

धाकट्या जावेचा पाय मुरगळला. आपली शर्यत बुडाली म्हणून मी रडायच्या बेतात होते. सरकारी दवाखान्यात नंबर सकाळी लावला, तो दुपारी उशिरा आला. ती तोवर रांगेत एका पायावर. आणि तिच्याबरोबर तिथे कोण बसलं होतं? थोरली! बोलणं अजूनही नाही. थोरली राखणदारांना सांगायची, "तिला म्हणावं, पाय वर ठेव." आणि धाकटी राखणदारांना सांगायची, "तिला म्हणावं, ठेवलाय, डोळे नाहीत का?" राखणदार बिचारे स्वतःच्या गुडघ्यासाठी आले होते.

जज्जसाहेबांचाही पाय ह्याच आठवड्यात दुखावला. त्यांनी फोन केला, एक बाई घरी येऊन पट्टी बांधून, व्यायाम शिकवून गेली. दोन दिवसांत ठणठणीत. त्यांनीच ते व्यायाम मला लाँड्रीत करून दाखवले, काउंटरला धरून. भला माणूस आहे. मी ते घरी येऊन धाकटीला शिकवले. उलटेसुलटे शिकवले असतील, पण ती म्हणते, बरं वाटतंय.

२३ मार्च, रविवार

आज सासूबाईंनी जेवताना विचारलं, "घरात थिनरचा वास कसला येतो गं?" मी पटकन सांगितलं, शेजाऱ्यांनी दाराला रंग दिलाय. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं देतायत. केवढं मोठं दार!"

हे मान खाली घालून जेवत राहिले. मीही. सासूबाईंनी यांच्या ताटात आपल्या वाटणीचं अंडं वाढलं आणि विषय बदलला, की शर्यतीत सुरुवातीला धावायचं नाही. नशीब, त्यांच्या डोक्यात सध्या शर्यतीशिवाय दुसरं काही नाही.

२७ मार्च, गुरुवार

यांना काल जिन्यात बसावं लागलं. एकच जिना, वर सासूबाईंना पाणी द्यायला जात होते. मी मागून आले तर हे पायरीवर बसलेले, ओठ पांढरे. मला बघून म्हणाले, "बुटाची नाडी बांधतोय." घरात होते, पायात बूटच नव्हते.

मी विचारलं, "स्टोअरचं काय करायचं?" म्हणाले, "आईचा चेहरा बघ जरा. ह्या बाईला परत त्या भिंतीशी नेऊन ठेवू?" यांचं वय बावन्न. फार नाही. काकांच्या मानाने तर चांगलेच दिसतात. मी उगाच घाबरते.

चार दिवस राहिले आहेत, त्यातले तीन शर्यतीच्या गडबडीत जाणार.

३० मार्च, रविवार

आम्ही तिसरे आलो!

एकूण संघ चार होते, हे कोणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही, असं ठरलंय. चौथे बाजारपेठवाले. त्यांचे एक आजोबा बदकं बघत बसले ते उठेचनात. टेकडीवाले कधीच पोचून, कपडे बदलून, सरबत पीत बसले होते. आमच्या पाच जणी हातात हात घालून आल्या, खाड खाड खाड. सासूबाई एकट्या असत्या तर खूप आधी पोचल्या असत्या, पण थांबून थांबून सगळ्यांना घेऊन आल्या. शेवटच्या वळणावर धाकटीचा पाय परत दुखायला लागला, तेव्हा थोरलीने आपली जागा सोडली, मधल्या तिघींना ओलांडून पलीकडे गेली आणि तिला खांद्याचा आधार दिला. "तुझा कुकर मीच नेला होता," म्हणाली. धाकटी म्हणाली, "माहितीय. चाल आता." आळीतली सगळी पोरंटोरं किंचाळत होती. माझा घसा बसलाय. मी तर रडलेच, आनंदाने.

एक मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नंतर सगळ्यांना चहा होता. हे किटली घेऊन वाटत होते. जज्जसाहेब आमच्या बाकापाशी आले, हात जोडून पाचही जणींचं अभिनंदन केलं आणि पायांकडे बघून हसत म्हणाले, "हे रणगाडे कुठून आणलेत?" मावशी म्हणाल्या, "नवऱ्याचे." शिंपीणआजी म्हणाल्या, "माझेपण नवऱ्याचे." जज्जसाहेबांनी विचारलं, "मग मंडळी कुठे आहेत? त्यांनाही आणायचं होतं संघात!" भला माणूस, खरंच त्याला वाटलं ते घरी असतील.

मावशी सहज म्हणाल्या, "आमच्याकडे इतकं टिकत नाहीत हो ते. माझा अठ्ठावन्नला गेला." थोरली म्हणाली, "माझा चोपन्नला." धाकटी म्हणाली, "माझा एकसष्टपर्यंत पोचला, पण शेवटची चार वर्षं खाटेवरच." शिंपीणआजी म्हणाल्या, "तुमचं बरंच म्हणायचं. माझा एकोणपन्नास." बाजारात भावाची तुलना करावी तशा बोलत होत्या, चहात बिस्किट बुडवून. मावशींनी तर शिंपीणआजींना म्हटलंसुद्धा, "तू जिंकलीस, घे हे जास्तीचं बिस्किट." हसल्याही सगळ्या. मी पण हसले, सवयीने. जज्जसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांच्या हातातला कप तसाच राहिला.

मग सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांची पाळी होती. पण त्या बघत होत्या यांच्याकडे. हे किटली धरून समोरच उभे होते, पायात तसलेच बूट. सासूबाई म्हणाल्या, "छप्पन्न," आणि कप खाली ठेवला.

आळीत एकही सत्तरीचा पुरुष का सापडला नाही, हे मला त्या क्षणी कळलं. आठवडाभर मी घराघरांतून फिरले, अर्ज नाचवत! आणि मला वाटत होतं, लोकांना कंटाळा आहे. छप्पन्नातून बावन्न गेले की किती उरतात ते काय मला कळत नाही? मला फार भीती वाटतेय. इतकी भीती मला आजवर कधीच वाटली नव्हती.

३१ मार्च, सोमवार

सकाळी उठले तर जिन्यावर धबधब आवाज. सासूबाई गादी ओढत खाली आणत होत्या. एकट्या. उशी काखेत, चादरीची गाठ दातात.

मी ओरडले, "अहो आई, हे काय करताय?" गाठ सोडून म्हणाल्या, "खोली रिकामी करतेय. त्याला सांग, आज शेवटचा दिवस आहे, कामावर पोचल्या पोचल्या फोरमनला गाठ."

म्हणजे सगळं माहीत होतं! डॉक्टरीणबाईंचं, स्टोअरचं, तारखेसकट. मावशींचा भाचा कारखान्यातच आहे, त्याच्याकडून कळलं होतं म्हणे. आणि फिलिंगचं तर पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं, "पण कपडे तर मी लाँड्रीत..." त्या म्हणाल्या, "अगं, कपडे धुतलेस. त्याचे केस धुतलेस का? त्याचा श्वास धुतलास का? वीस वर्षं मी त्या वासाशेजारी झोपले आहे."

हे दारात उभे होते. म्हणाले, "मग बोलली का नाहीस, आई?"

सासूबाई गादीवरच बसल्या. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "खोली सोडवेना रे. पहिल्या थंडीत कळलं की रात्री आडवं झोपता येतं. मला वाटलं, एक वर्ष झोपू दे मला, मग बोलेन. मग आणखी एक. माझ्या झोपेचे पैसे तू नाकाने भरतोयस हे ठाऊक होतं, आणि तरी झोपत होते." मग रडल्या. हे जवळ बसले आणि हेही रडले, आणि म्हणाले, "तुला झोप लागावी म्हणूनच ना गं." मी मध्ये उभी, हातात उशी. कोणाची समजूत घालू ते कळेना, म्हणून चहा टाकला.

चहा पिऊन सासूबाई पहिल्यासारख्या झाल्या. म्हणाल्या, "मला ऊन नको. मला मुलगा हवाय. ऊन मी बाहेर जाऊन खाईन, तलावावर फुकट आहे." आणि यांना डबा देऊन अक्षरशः दाराबाहेर ढकललं.

संध्याकाळी हे आले. स्टोअर मिळालं. फोरमन म्हणाला, तुमच्या जागेसाठी फिलिंगला अकरा अर्ज आले आहेत. पहिला अर्ज हमालदादांच्या मुलाचा. त्यांच्या घरी आज पेढे वाटल्यासारखा आनंद आहे. मी अभिनंदन करायला गेले आणि दारातूनच परत आले.

२ एप्रिल, बुधवार

सासूबाईंची खाट चुलीच्या भिंतीला लावली, ती त्यातल्या त्यात कोरडी. नळवाले काकांनी ओलीच्या भिंतीला आतून फळ्या ठोकून दिल्या. पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाले, "पंचाहत्तरीच्या मानाने बरं काम करतो ना मी?" अजून राग गेलेला नाही, पण हसले. फळ्यांनी थंडीत कितपत भागेल, देव जाणे. मावशींनी बेकरीच्या भट्टीमागची जागा देऊ केली आहे. सासूबाई म्हणतात, "तिच्या घोरण्यापेक्षा ओल परवडली." म्हणजे थंडीत जातील.

मी लाँड्रीत वाफेच्या यंत्रावर संध्याकाळची पाळी मागितली. तिथे थोडे जास्त देतात, कारण उभं राहून राहून पाय सुजतात आणि कोणी टिकत नाही. मला काय धाड भरलीये, मी धडधाकट आहे. घरी मोठ्या ऐटीत सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे माझं नाक सोडवायचं आणि तुझे पाय गहाण टाकायचे?" सासूबाई माझ्याकडे तशाच बघत राहिल्या जशा त्या दिवशी बाकावर यांच्याकडे बघत होत्या. उद्या मालकांना नाही म्हणून सांगते. कमी पैशात कसं भागवायचं ते अजून ठाऊक नाही, पण तिघं मिळून डोकं चालवू.

६ एप्रिल, रविवार

आज सकाळी तिघं तलावावर गेलो. यांचा पहिला दिवस. सासूबाई साध्या चपला घालून पुढे, हे त्यांच्या मागे, मी सगळ्यांच्या मागे. अर्ध्या फेरीतच हे बाकावर बसले. छातीचा भाता नुसता. सासूबाई बऱ्याच पुढे गेल्या होत्या, त्या मागे वळल्या, आल्या आणि शेजारी बसल्या. बहात्तरची आई बावन्नच्या मुलाचा श्वास खाली बसायची वाट बघत होती. मला बघवेना. मी बदकं मोजायला लागले.

सासूबाई म्हणाल्या, "अठरा वर्षांनी तू सत्तरचा होशील, मी नव्वदची. दोघं एका संघात उतरू."

हे धापा टाकत हसले. म्हणाले, "नव्वद म्हणजे जरा जास्तच होतंय, आई."

"माझ्या नव्वदीचं मी बघते. तू तुझ्या सत्तरीचं बघ."

तेवढ्यात समोरून जज्जसाहेब आले, ट्रॅकसूटमध्ये, मीच इस्त्री केलेल्या. परवापासून ते मला कारखान्याबद्दल काय काय विचारत असतात. सासूबाईंनी त्यांना हात करून थांबवलं. "साहेब, अठरा वर्षांनंतरच्या शर्यतीसाठी खालच्या आळीची दोन नावं आत्ताच लिहून घ्या. एक माझं, एक ह्याचं." जज्जसाहेबांनी खिशातून पेन काढलं. म्हणाले, "घेतो की. मी स्वतःच टाळी वाजवायला उभा असेन."

अठ्ठ्याहत्तर आणि अठरा. मी मनात बेरीज केली. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. थट्टाही नव्हती ती. शाण्णव वर्षांचे होऊन इथे उभं राहायचं, हे त्यांच्यासाठी पुढच्या रविवारी फिरायला येण्याइतकंच ठरलेलं होतं. आमच्या आळीत असं बोलणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

यांनीही ते ऐकलं असावं. बाकाच्या पाठीला धरून उभे राहिले. श्वास अजून पुरता बसलेला नव्हता, शब्द तुटत होते.

"लिहा साहेब," हे म्हणाले, "मीपण असणार आहे."

मग आम्ही उरलेली अर्धी फेरी पूर्ण केली. तीन वेळा थांबलो, आणि तिन्ही वेळा सासूबाई आमच्यासाठी थांबल्या.